कुठं म्हणून विचारायचं नाही

निघालेल्या माणसाला "कुठं?" विचारू नये, हे मला काही नवीन नव्हतं. आमच्या साताऱ्याकडेही जुनी माणसं "लांब का?" असंच विचारतात. पण आम्ही तो नियम लग्नाच्या बोलणीला, कोर्टाच्या तारखेला, अशा मोठ्या कामांना लावतो. निपाणीत मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहायला गेले, ते मालक तो दळणालाही लावायचे.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी शाळेला निघाले होते आणि मालक फाटकापाशी चपला घालत होते, काखेत दळणाचा डबा. नव्या भाडेकरूनं दोन शब्द गोड बोलावेत म्हणून मी विचारलं, "कुठं निघालात मालक?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी त्यांच्या डब्यात मूठभर माती टाकली. चपला काढल्या आणि डब्यासकट आत गेले. त्या दिवशी त्या घरात भाकरी झाली नाही. संध्याकाळी मावशी, म्हणजे मालकीणबाई, माझ्यासाठी वाटीभर आमटी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्येंना कुठं म्हनू नको गं. मला रोज रोज भात सोसत न्हाई."

मालकांची सगळी नोकरी तंबाखूच्या वखारीत झाली. पान नाकाला लावायचं, दोन बोटांत चुरायचं आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले, नाक झालं नाही. दूध, वर्तमानपत्र, पाहुण्यांनी आणलेला पेढा, सगळं आधी नाकाशी जायचं. मी सामान लावत असताना त्यांनी माझ्या सतरंजीचाही वास घेतला आणि "चालंल" म्हणाले. माझ्या भाडेकरारावर सही त्यानंतर झाली.

जायच्या जागेचं नाव तोंडातून गेलं की पाय मागं राहतात, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे त्या घरात गावांना नावंच नव्हती. कोल्हापूर म्हणजे "वरलं गाव", बेळगाव म्हणजे "खाललं गाव" आणि चिकोडी म्हणजे "हिचं गाव", कारण मावशींचं माहेर तिथलं. खरी पंचाईत एसटीत व्हायची. कंडक्टरचं कामच "कुठं?" विचारण्याचं. त्यावर मालकांनी तोडगा काढला होता. महाराष्ट्राच्या गाडीचा कंडक्टर "कुठं?" म्हणतो, कर्नाटकचा "यल्लिगरी?" म्हणतो. अर्थ एकच, पण कानडीतलं "यल्लि" बाधत नाही, असा त्यांचा निवाडा होता. त्यामुळे कोल्हापूरलासुद्धा ते कर्नाटकच्याच गाडीनं जायचे. मग ती तासभर उशिरा येवो, मोडकी असो, उभ्यानं जावं लागो. आणि कंडक्टरनं "यल्लिगरी?" विचारलं की गावाचं नाव न घेता नुसतं बोट पुढं करायचे. त्या मार्गावरचे कंडक्टर त्यांना ओळखत असावेत.

हे सगळं ऐकायला मजेचं आहे. मलाही मजाच वाटायची. पण मावशींना त्याची किंमत मोजावी लागत होती. लग्न झाल्यापासून त्या माहेर आणि कोल्हापूर सोडून कुठं गेल्या नव्हत्या. मालक सहली आखायचे, अगदी मन लावून आखायचे, आणि त्या शेवटच्या क्षणी मोडायच्या. मी आल्यावर म्हैसूरची मोडलेली मी स्वतः पाहिली. गाडी दारात, सामान आत, मावशी नव्या इरकलीत, चेहरा फुललेला. तेवढ्यात समोरच्या घरातले आप्पा टॉवेल झटकत बाहेर आले आणि मोठ्यानं म्हणाले, "काय वो, सगळी मिळून कुठं निघालासा?" संपलं. मालक गाडीतून उतरले. मावशींनी आत जाऊन इरकल सोडली, रोजचं लुगडं नेसलं आणि चुलीवर तवा टाकला. मला मालकांचा इतका राग आला होता की दोन दिवस मी त्यांना नमस्कार केला नाही. त्यांना ते कळलंही नाही.

अशातच एकदा टीव्हीवर त्यांनी बेटं पाहिली. निळं पाणी, पांढरी वाळू, माडांची रांग. एक बेट नव्हे, माळच. मालक खुर्चीतून उठून टीव्हीपर्यंत गेले. वास येत नव्हता म्हणून जरा नाराज झाले, पण ठरलं.

"चार दिसाची सहल," ते म्हणाले. "आज ह्या बेटावर, उद्या त्या बेटावर. लग्नाच्या वाढदिवसाला हिला न्यायची."

कोणती बेटं हे विचारायची सोय नव्हती. आमच्या गल्लीत दोन तट पडले. काही जण म्हणाले लक्षद्वीप, काही म्हणाले अंदमान. घरात मात्र फक्त "बेट".

मग तयारी सुरू झाली. जहाज डोलतं, म्हणून डोलायची सवय हवी. मालक सोप्यातल्या झोपाळ्यावर बसून नाश्ता करू लागले. मावशी खाली बसून तांदूळ निवडता निवडता एका पायानं झोपाळा ढकलायच्या आणि मालक वरून सांगायचे, "जरा जोरात. आता वादळ." उपीट त्यांच्या शर्टावर, टोपीवर, एकदा तर माझ्या वह्यांवरही पडलं.

गच्चीवर त्यांनी खडूनं बेटं काढली. पाण्याच्या टाकीखाली मोठं, जिन्याच्या तोंडाशी मधलं, पापड वाळत घालायच्या जागी एक लहानसं. मधे समुद्र. मी कपडे वाळत घालायला गेले की ते कुठूनतरी ओरडायचे, "ओ बाई, समुद्रात हुब्या हाईसा!" मला टाकीला वळसा घालून, मोठ्या बेटावरून मधल्या बेटावर उडी मारून दोरीपर्यंत जावं लागायचं. शिवाय एका गॅरेजमधून त्यांनी ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब आणली होती. पोहायला. तिचाही वास घेतला होता आणि तो बहुतेक पसंत पडला होता.

मी मावशींना एकदा विचारलं, "तुम्हाला बेट बघायची हौस आहे का हो?"

त्या हसल्या. "मला काय करायचं बेट घिऊन? ह्येंच्यासंगं चार दीस कुठंतरी बसायचं हाय बघ. जितं चूल न्हाई, वखारीतली मानसं न्हाईत, भाडेकरू न्हाईत."

"म्हणजे मीसुद्धा नाही?"

"तू चालतीस," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "ह्यावेळी बी मोडली, तर मी न्हाई बाई पुन्यांदा सामान बांधनार. झालं तेवढं लई झालं." हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत. तांदूळ पाखडताना म्हणाल्या, म्हणून मला जास्त लागलं.

आता बुकिंग. कुणीतरी मालकांना बेंगळूरच्या एका सहलवाल्याचा नंबर दिला. मालकांचं कानडी म्हणजे मराठीला जागोजागी "री" लावलेलं, पण त्याचा त्यांना भारी अभिमान. मावशी कानडी शाळेत शिकलेल्या, कानडी वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या, पण फोनवर बोलायचा मान मालकांचा. फोन नेहमी स्पीकरवर, आवाज गल्लीभर. मी जिन्यात बसून ऐकत होते, मावशी लसूण सोलत होत्या.

"नमग बेटक्क होगबेकरी," मालक गरजले. आम्हाला बेटाला जायचंय, असं.

"ओ, बेट्ट! याव बेट्ट, सार?" पलीकडून आवाज आला. म्हणजे कोणतं.

"हेसर हेळब्याडरी!" मालक घाबरून ओरडले. नाव सांगू नका! "एल्लारू होगतारल्ल, अदऽ!" सगळे जातात ना, तेच!

"ओ, गोत्तायतु, सार, गोत्तायतु!" पलीकडच्याला कळलं. चांगलं खुशीत कळलं.

त्या माणसाच्या "बेट्ट"मधला जोर माझ्या कानाला जाणवला होता. पण मला कानडी येत नाही आणि कानडीत सगळ्याच शब्दांवर थोडा जोर असतो असा माझा समज. मावशी लसूण सोलत राहिल्या.

फोन ठेवून मालकांनी आम्हाला माहिती दिली. गाडी दारात येणार. शेवटी ती सोडायची आणि दुसऱ्यात बसायचं. ते दुसरं फार हलतं, उलटीची गोळी घ्या, घट्ट धरून बसा. "जहाजच की! मी सांगितलं न्हवतं, डोलतंय म्हनून?" आणखी एक सूचना होती, तिनं मात्र ते जरा चक्रावले होते. सोबत मीठ घ्या म्हणे. भरपूर.

"समुद्राला जाताना मीठ?" मी विचारलं.

मालकांनी विचार केला. "पानी खारं हाय, पर ते मीठ करत नसतील वो बाई. माडाची मानसं ती."

पुढं त्या सहलवाल्यानं मोबाईलवर सगळे तपशील पाठवले. मालकांनी ते उघडले नाहीत. उघडले तर नाव दिसलं असतं. फोटो काढायला कुणीतरी हवं म्हणून तिसरी जागा मला मिळाली. दसऱ्याची सुट्टी होती, मी लगेच हो म्हणाले.

निघायच्या दिवशी सगळ्यात मोठा धोका समोरचा होता. मावशींनी पहाटे उठून आप्पे केले आणि गाडी यायच्या जरा आधी गरमागरम ताटली समोर नेऊन दिली. आम्ही सामान चढवत असताना आप्पा दारात येऊन उभे राहिले, दोन्ही गाल फुगलेले. त्यांनी नुसता हात हलवला. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा मावशींनी इतका मोठा श्वास सोडला की ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं.

मालकांच्या अंगात गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची चड्डी होती. डोक्यावर मात्र रोजचीच काळी टोपी. ट्यूब टपावर बांधलेली. संकेश्वर गेलं, बेळगाव गेलं, धारवाडला चहा झाला. हुबळी मागं पडल्यावर मालकांनी काच खाली केली आणि नाक बाहेर काढलं. "खारा वास येतोय," ते म्हणाले. मग दर तासाला तो वास वाढत गेला. समुद्र उजव्या हाताला असायला हवा एवढं मला माहीत होतं, म्हणून मी उजवीकडे बघत बसले. उजवीकडे मक्याची रानं होती. पण मी गणित शिकवते, भूगोल नाही, म्हणून गप्प राहिले.

दुपार कलली तशी गाडी घाट चढायला लागली. गार वारा आला. झाडी दाटली. मालकांनी पुन्हा नाक बाहेर काढलं आणि यावेळी बराच वेळ आत घेतलं नाही. आत घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "ओल्या पाल्याचा वास हाय ह्यो," ते म्हणाले.

एका चौकात गाडी थांबली. तिथं चिखलानं माखलेल्या जीपगाड्या उभ्या होत्या. एक जीपवाला आमचं सामान उचलायला लागला. मालक उतरले, फुलाफुलांच्या चड्डीत, आणि इकडे तिकडे पाहून त्याला विचारलं, "दोणी यल्लैती?"

जीपवाला त्यांच्याकडे, मग टपावरच्या ट्यूबकडे बघत राहिला. "बेट्टद मेले दोणी यल्लि, सार?"

"डोंगरावर होडी कुठनं येनार, म्हनतोय त्यो," मावशींनी शांतपणे सांगितलं.

"डोंगूर? आपल्याकडं कानडीत डोंगराला गुड्ड म्हनत्यात!"

"हिकडं बेट्ट म्हनत्यात."

मालक तिथंच उभे राहिले. मला आधी हसू फुटलं, पण त्यांच्याकडे पाहिल्यावर ते जिरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सहल घराबाहेर पडली होती आणि ती भलत्याच ठिकाणी आली होती. चूक त्यांच्या स्वतःच्या तोंडून झाली होती, त्यांच्या अभिमानाच्या कानडीत. त्यांचे ओठ हलत होते. मग ते ड्रायव्हरकडे वळले. "चला माघारी. मोडली सहल."

मी मावशींकडे पाहिलं. त्या गाडीत नव्हत्या. त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"मी उतरनार न्हाई," त्या म्हणाल्या.

"अगं, चुकलंय सगळं!"

"चुकू द्या. मला सांगा, कुनी कुठं म्हनलं का?"

मालकांनी नकारार्थी मान हलवली.

"तुमी नाव काढलासा? ह्या बाईनं काढलं? आप्पांनी ईचारलं?"

"न्हाई."

"मग मोडायची कशापायी?"

त्यांचाच नियम होता. मालकांनी त्याला सगळीकडून चाचपून पाहिलं असावं. कुठूनच वाट सापडेना, तेव्हा ते जीपच्या मागच्या बाजूनं चढले आणि माझ्याशेजारी बसून दांडी धरली. जीप खरंच फार हलत होती. मालकांना मात्र काहीही झालं नाही. उलटी मला झाली.

वर कॉफीच्या मळ्यात एक कौलारू घर होतं, तिथं आमची सोय केलेली. पोचलो आणि पाऊस सुरू झाला तो आम्ही निघेपर्यंत थांबला नाही. खोलीपुढच्या कट्ट्यावरून दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. अंगणातून जेवायच्या खोलीत जाईपर्यंत पायाला जळवा लागायच्या, त्यांच्यावर मीठ टाकायचं. मीठ कशाला ते तिथं कळलं. आम्ही भरपूर नेलं होतं, मळ्यातल्या बायकांनाही वाटलं.

डोंगरासाठी मालकांची काहीच तयारी नव्हती. पाहायची ठिकाणं ठरलेली नव्हती, चालायचा सराव झाला नव्हता. त्यामुळे ते बसले. कट्ट्यावर ट्यूब आडवी टाकून त्यावर दोघं शेजारी शेजारी बसले, एक घोंगडी दोघांच्या गुडघ्यांवर. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कॉफी. मी आत पुस्तक वाचत पडले होते आणि बाहेरून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. वखारीतल्या कुणा जुन्या माणसाची नक्कल मालक करत होते आणि मावशी हसत होत्या, मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. निपाणीत मी त्यांचं असं हसणं कधी ऐकलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी पुस्तक मिटून नुसती पडून राहिले.

दुसऱ्या दुपारी मालक आत झोपले होते. मावशी आणि मी कट्ट्यावर होतो. माझ्या घोट्यावरची जळू काढता काढता त्या म्हणाल्या, "मला ठावं हुतं गं."

"काय?"

"बेट्ट म्हंजे डोंगूर. शाळंच्या पुस्तकात हुतं की. त्यो फोनवर बोलला तवाच कळलं मला."

मी थक्क झाले. "मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर त्येनी चूक सुधारली असती. आनी सुधारता सुधारता जायाचंच ऱ्हायलं असतं." त्यांनी जळू पावसात टाकली, बोटं पदराला पुसली. "डोंगूर तर डोंगूर. न्हेलं न्हवं मला?"

निपाणीत परतलो तेव्हा गल्ली जमली होती. सहल पुरी झाल्यावर विचारायला बंदी नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या जिभा मोकळ्या सुटल्या होत्या. आप्पा सगळ्यांच्या पुढं. "काय वो, कसं हुतं बेट?" मालकांना खोटं बोलता यायचं नाही. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, तोंड उघडलं.

"चारी बाजूनं पानी," मावशी मागून म्हणाल्या. "जिकडं बघंल तिकडं पानीच पानी. बेटाला आनी काय लागतंय?"

आप्पांचं समाधान झालं. लक्षद्वीपवाले आणि अंदमानवाले दोघंही जिंकल्यासारखे घरी गेले.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बेळगावला बदली झाली. निघताना मालक टेम्पोपर्यंत आले, कुठं चाललात हे अर्थातच विचारलं नाही. सामान चढत होतं, मावशी आत माझ्यासाठी शिदोरी बांधत होत्या. मालक माझ्या जरा जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, एक सांगतो. त्या डोंगरावर, पयल्या सांजंला, हिनं पिशवीतनं माझा स्वेटर काढला. आनी कानटोपी. आता समुद्राला निघालेली बाई स्वेटर कशाला भरंल?"

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला कळलं होतं? मग त्यांना कधी विचारलं नाही?"

"न्हाई," मालक म्हणाले. "ईचारलं असतं तर तिला सांगाय लागलं असतं. तिनं आखली ती सहल. पयली पुरी झालेली."

आतून मावशींची हाक आली. ते शिदोरी आणायला लगबगीनं आत गेले.